ताटाचा डाव

बुफे हा कॅसिनोतलाच एक जुगार आहे आणि त्याचे नियम रूलेटपेक्षा कडक आहेत, एवढे मान्य केले की पुढचे मार्गदर्शन सोपे जाते. रूलेटवर निदान पैज किती लावायची हे खेळणाऱ्याच्या हातात असते. बुफेत ती मालकाने ठरवलेली असते. लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमधल्या बॅकनल बुफेत रात्री जेवायचे तर माणशी ८० डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. त्यावर कर, आणि उठताना उष्ट्या बशा उचलणाऱ्याची बक्षिसी वेगळी. मग खेळायला उरते फक्त पोट, आणि तेही ताणून ताणून लिटर-दीड लिटरचे. ८० डॉलर दीड लिटरात वसूल करून दाखवायचे, हा डाव. ‘पैसे वसूल’ हा शब्द मराठी माणूस ज्या भक्तिभावाने उच्चारतो, ते पाहता या खेळात आपला पहिला नंबर यायला हवा होता. तो येत नाही, याला कारणे आहेत.

त्यासाठी थोडा इतिहास माहीत हवा. नेव्हाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. पुढे ‘स्ट्रिप’ म्हणून गाजलेल्या रस्त्यावरचे पहिले कॅसिनो-हॉटेल, एल रांचो वेगास, १९४१ साली उघडले आणि त्याच दशकात तिथे डॉलर-सव्वा डॉलरात हवे तितके खाण्याची सोय झाली. या कल्पनेचे श्रेय हर्ब मॅकडॉनल्ड यांना देतात. काळजी साधीच होती : रात्री भूक लागलेला जुगारी खायला बाहेर पडला, की तो परत येईलच याचा भरवसा नाही. हिशेबही साधा होता. अमेरिकन रूलेटच्या चाकावर ३८ घरे असतात, पण जिंकणाऱ्याला पैसे ३६ घरांच्या हिशेबाने मिळतात. म्हणजे लावलेल्या दर १०० डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर मालकाचे. जेवून उठलेल्याने वीसेक डॉलर चाकावर फिरवले की जेवणाचा डॉलर निघाला. म्हणूनच बुफेकडे जाणारी वाट जुगाराच्या दालनातून काढण्याची प्रथा पडली. देवळाआधी हारफुलांची दुकाने लागतात तसेच हे, फक्त इथे दुकान हाच देव. त्या काळातल्या साधकाला एकाच ओळीचे मार्गदर्शन पुरले असते : जेवा, हात धुवा, आणि चाकाकडे न बघता दार गाठा. कॅसिनोला खात्रीने हरवण्याचा एवढा सभ्य मार्ग दुसरा नव्हता.

हा मार्ग आता बंद झाला आहे. हॉटेले मोठ्या कंपन्यांच्या हातात गेली आणि प्रत्येक खात्याने आपापला नफा दाखवावा अशी अपेक्षा सुरू झाली. १९९०चे दशक संपता संपता स्ट्रिपवरच्या हॉटेलांना जुगारापेक्षा खोल्या, खाणे आणि करमणुकीतून जास्त उत्पन्न मिळू लागले. आमिषानेच पोट भरू लागल्यावर आमिष स्वस्त कशाला ठेवायचे? २०२०च्या साथीत बुफे बंद झाले त्यातले कित्येक पुन्हा उघडलेच नाहीत; आरिया हॉटेलात तर बुफे जाऊन फूड हॉल आला, जिथे प्रत्येक पदार्थाला वेगळी किंमत पडते. त्यामुळे आज चाकाकडे पाठ फिरवून निघालेल्या जेवणाऱ्याचे मालकाला दुःख होत नाही. त्याचे पैसे दारातच आलेले असतात.

मग वसुली ताटातच करायची. यावर अनुभवी मंडळींचा तोडगा ठरलेला : भात-पाव टाळा, महागडेच खा. तत्त्व बरोबर आहे, पण मालकानेही ते ऐकलेले आहे. सर्वांत लांब रांग असते खेकड्याच्या पायांपुढे. कोकणातल्या माणसाला कुर्लीचा नांगा फोडण्याचे बाळकडू मिळालेले असते, तेव्हा इथे आपली सरशी होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ताटात दिसतो त्या ढिगात कवचच पुष्कळ असते, आणि ते फोडण्यात जातो तो वेळ. अनेक बुफेंत दीड-दोन तासांची मर्यादा असते. शिवाय पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटे लागतात. सावकाश सोलत बसणाऱ्याला ती चौथ्याच पायाला मिळते. भाजलेल्या मांसाचा काप किती जाड असावा, हे सुरी धरणारा ठरवतो. कॉस्मोपॉलिटन हॉटेलातल्या विकेड स्पून बुफेने तर बरेचसे पदार्थ छोट्या छोट्या भांड्यांत आधीच वाढून ठेवण्याची रीत रुळवली. एका ताटात सहा भांडी घेऊन चालताना माणूस आपोआप लाजतो, आणि ही लाज मालकाला फुकटात मिळते.

दिवसभर उपाशी राहून जावे, असा दुसरा तोडगा. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण भुकेला माणूस निवड करत नाही. समोर येईल त्याने ताट भरतो, आणि लोणी लावलेला ऊन पाव हा या खेळातला सर्वांत धूर्त भिडू आहे. पोट भरले तरी डाव संपत नाही, कारण एका चवीचा कंटाळा आला तरी नव्या चवीची भूक शाबूत राहते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवले आहे की पदार्थांची विविधता वाढली की माणूस जास्त खातो. रिचर्ड थेलर या २०१७च्या नोबेल मानकऱ्याने वर्णन केलेली खोडही इथेच भोवते : गेलेले पैसे परत मिळणार नसतात, तरी ते वाया जाऊ नयेत म्हणून माणूस स्वतःचे हाल करून घेतो. आपल्या पंगतीत आग्रह यजमानाचा असे आणि पानावर आडवा हात धरून वाढप्याला थांबवता येई. बुफेत आग्रह करते ते खिशातले तिकीट. तिथे आडवा हात फक्त मारता येतो.

शाकाहारी वाचक विचारतील, आमचे काय? त्यांच्यासाठी वाईट बातमी आहे. दर माणशी सारखाच असल्याने कोशिंबीर, पास्ता आणि बटाटा खाणारा हा शेजारच्या टेबलावरच्या खेकड्याचे पैसे भरत असतो. गोडाच्या काउंटरवर भरपाई करू म्हणावे, तर साखर आणि मैदा यांनी आजवर कोणाचे दिवाळे काढलेले नाही. मालकाचे तर नाहीच. शाकाहाऱ्याने हा डाव खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेगास लांब पडत असेल तर पणजी आहे. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. गोव्याने आपल्या १९७६च्याच जुगारविषयक कायद्यात १९९०च्या दशकात दुरुस्त्या करून तरंगत्या कॅसिनोंना वाट दिली. मांडवीतल्या जहाजांवर प्रवेशाच्या पॅकेजात बुफे आणि बहुधा थोड्या चिप्स असतात, म्हणजे जेवण अजूनही चाकाच्या नोकरीत आहे आणि एल रांचोच्या काळचा जुना तोडगा इथे थोडाफार लागू पडतो. तिकीट काही हजारांचे असते तेवढे मात्र धरून चाला. चढतानाच जेवण किती वाजेपर्यंत आहे ते विचारा, आणि त्याच दमात परतीची बोट केव्हा सुटते तेही.