खुबा सरकारचा, आजी घरची

आजी न्हाणीत घसरली आणि खुबा मोडला. वय ७६, म्हणजे आयुष्मान कार्डाची हक्कदार. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही उत्पन्न न विचारता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑपरेशन झालं, बिल शून्य. सुनेनं कार्ड देव्हाऱ्यात एकवीरेच्या फोटोमागं ठेवलं. घरी सोडल्यावर पंधरा दिवसांची औषधंही योजनेत बसतात. सोळाव्या दिवसापासून म्हातारपण घरचं. मुलगा रिक्षा चालवतो, तो त्याच्या भाषेत म्हणाला, "घरी आणलं आणि मीटर पडलं."

परवा कार्ल्यात त्यांच्याकडे गेलो होतो. पडवीत खाट, खाटेवर हवेची गादी, तिचा पंप घुरघुरतोय. सून डायपरमध्ये जुन्या लुगड्याची घडी घालत होती. "काका, असं केलं की एकावर दिवस निघतो." ही बाई गेल्या महिन्यापर्यंत एका बंगल्यावर कामाला जायची. नऊ हजार मिळायचे. आता घरी आहे. हे नऊ हजार आजीच्या दुखण्याच्या कुठल्या बिलात धरायचे, ते मला कुणी सांगावं.

मग सरकारची 'श्रावणबाळ' योजना आहेच की! ६५ वर्षांवरच्या निराधाराला महिना १,५०० रुपये. अट एवढीच की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे महिना १,७५०. एवढ्यात भागवणारं कुटुंब मावळात फक्त उत्पन्नाच्या दाखल्यावर राहतं. आणि दाखला मिळालाच, तर? लोणावळ्याच्या एका ब्युरोला फोन लावून पाहिला. चोवीस तासांची बाई, दिवसाला नऊशे, चहा-जेवण तुमचं. श्रावणबाळाच्या महिन्याभरात बाई धड दोन दिवसही येणार नाही. कावड श्रावणाच्या नावावर, खांदा सुनेचा.

घरामागच्या डोंगरात लेणी आहेत. तिथं लोक एकवीरेच्या पायऱ्या चढून धापा टाकत येतात, सेल्फी काढतात आणि उतरतात. चैत्यगृहाच्या शिलालेखांकडे कोण बघतो? त्यातल्या एकात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं करजिक नावाचं गाव दान दिल्याची नोंद आहे. कशासाठी, तर वलुरकाच्या, म्हणजे याच लेण्यांत पावसाळाभर राहणाऱ्या भिक्खूंचं पोट चालावं म्हणून. कुठल्या पंथाचा, कुठून आला, काही न विचारता. दाखला नाही, हमीपत्र नाही.

याच गृहस्थाचा नाशिकच्या लेण्यातला हिशेब तर बँकवाल्यांनी फ्रेम करून लावावा. २,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे ठेव, दरमहा शेकडा एक व्याज, मुद्दलाला हात लावायचा नाही. वर्षाचं व्याज २४०. भिक्खू वीस, प्रत्येकाला चीवरासाठी १२. पै न् पै जुळते. खर्च आधी मोजला आणि मग त्याला पुरेल एवढी ठेव ठेवली. आपण आधी आकडा जाहीर करतो आणि मग म्हातारीला त्यात बसवतो.

पुढं नहपानाचं राज्य गेलं, सातवाहन आले. त्यांनी मामाळच्या, म्हणजे आपल्या मावळच्या अमात्याला आज्ञा धाडली आणि वलुरकाच्या भिक्खूंना करजिक गाव पुन्हा लावून दिलं. सरकार बदललं, तरतूद टिकली. महासांघिक पंथाचं नाव तेवढं त्यात आलं, म्हणजे अटी घालायची खोडही तेवढीच जुनी.

असो. खालच्या पडवीत सुनेचा फोन वाजला. बंगल्याचे मालक होते. त्यांच्या आई मुंबईहून पावसाळाभर राहायला येणार आहेत, त्यांचं उठणंबसणं होत नाही. बारा तास थांबशील का, बारा हजार देतो.

"जाऊ का हो काका? हिचे डायपर, गोळ्या सगळं निघंल त्यात."

"आणि हिच्याजवळ कोण?"

तिनं दाराकडं पाहिलं. सातवीतली पोरगी शाळेतून येऊन दप्तर उतरवत होती.