नुसतं पॅकिंग तर आहे!

रविवारी सकाळी कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा, एक बॉनेट उघडं असतंच. त्याखाली वाकलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. दिसते ती त्याच्याबरोबरच निवृत्त झालेली ऑफिसची पँट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि तिच्या मागच्या खिशातून बाहेर आलेला पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. हा रविवारचा मिस्त्री. पुण्यात तो टेल्कोतून किंवा किर्लोस्करांकडून निवृत्त झालेला असेल असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो बँकेतून, पोस्टातून किंवा गणिताच्या मास्तरकीतूनही आलेला असतो, आणि हेच जास्त कडवे. इंजिन किती वाईट वागू शकतं हे टेल्कोवाल्याला ठाऊक असतं. तो गुपचूप गाडी गॅरेजला देऊन येतो.

आमच्या इमारतीतले काका बँकेतले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्यातली चूक शोधली, आता इंजिनातली शोधतात. गाडी मारुती झेन, कार्बोरेटरवाली. हे मॉडेल १९९३ साली आलं तेव्हा काकांनी त्याच्यासाठी फियाट विकली होती. अख्खं इंजिन अॅल्युमिनियमचं, ९९३ सीसी, हे ते अजूनही मुलाच्या पगाराबद्दल बोलावं अशा सुरात सांगतात. पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग करताना लोक ग्रीन टॅक्सच्या नावाने बोटं मोडतात. काकांनी पावतीला लॅमिनेशन केलं.

या जातीच्या माणसाचं मुख्य हत्यार पाना नव्हे, नाक. सिग्नलला गाडी थांबली की काका काच खाली करतात, नाक थोडं वर उचलतात आणि जाहीर करतात, "तेल जळतंय. आपलंच." शेजारच्या टेम्पोतून काळा धूर निघत असतो, मागे कचरा पेटलेला असतो, पण वास आपलाच. निदान मात्र बहुधा बरोबर निघतं. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं, टॅपेट कव्हर. त्याखाली कॅमशाफ्ट आणि रॉकर तेलात न्हात असतात. झाकण आणि हेड यांच्यामध्ये रबराची एक बोटभर रुंदीचीही नसलेली, सगळ्या कडेने फिरणारी बारीक पट्टी असते, हेच पॅकिंग. इंजिन रोज तापतं, रोज निवतं. वर्षानुवर्षं हे सोसून रबर कडक होतं, चपटं होतं, आणि एक दिवस तेल कडेने पाझरायला लागतं. ते ओघळून तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडलं की तो वास. ज्या गाड्यांचे प्लग झाकणाच्या मधोमध खोल विहिरीत बसतात, त्यांच्यात हेच तेल विहिरीत साठतं आणि गाडी मिसिंग करू लागते. तशा गाड्यांकडे काका सहानुभूतीने पाहतात. झेनचे प्लग बाहेरच्या अंगाला आहेत, हा त्यांना स्वतःचा सद्गुण वाटतो.

चौकातला फिटर हे काम चहा येईपर्यंत उरकतो. पण त्याच्याकडे न जाण्याची कारणं रविवारच्या मिस्त्रीला तोंडपाठ असतात. फिटर जुनंच पॅकिंग धुऊन लावतो. बॉण्ड थापतो. बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळतो. यातलं काही खोटं नाही. फक्त एवढंच, की आता यापुढे काका जे करणार आहेत त्यातलं निम्मं हेच आहे.

पैसे वाचवणं हे कारण तर मुळीच नव्हे. पॅकिंग बदलायच्या मजुरीचे जितके रुपये होतात, त्याच्या अनेक पटींची हत्यारं काकांकडे आहेत. रिंग पाने, गोटी पाने, टी पाना, फिलर गेज, लांब दांडीचं लोहचुंबक. यातला निम्मा माल जुन्या बाजारातला, बुधवारी आणि रविवारी पारखून घेतलेला. "जर्मन आहे," असं प्रत्येक पान्याबद्दल सांगितलं जातं. माझा आपला तर्क असा, की काकांना गळती थांबवायची घाई नसते, त्यांना उघडायचं असतं. हल्ली घरात उघडण्याजोगं उरलंय काय? मोबाइल चिकटवलेला, टीव्ही भिंतीला ठोकलेला, मिक्सर बिघडला तर नवा येतो. सुनेच्या नव्या गाडीचं बॉनेट त्यांनी एकदा मोठ्या उमेदीने उचललं, तर आत प्लॅस्टिकचं आणखी एक झाकण आणि त्यावर कंपनीचं नाव. काकांनी बॉनेट हलक्या हाताने बंद केलं आणि त्या गाडीविषयी पुन्हा कधी चौकशी केली नाही. ज्या पिढीने स्कूटर आडवी करून पेट्रोल प्लगपर्यंत पोचवलं, हेड काढून पिस्टनवरचा कार्बन खरवडला आणि जी हात रॉकेलने धुऊन कामावर वेळेत हजर झाली, त्या पिढीला हा अपमान वाटतो.

खरेदी नाना पेठेत. स्पेअर पार्टच्या दुकानाच्या काउंटरवर फिटरांची पोरं एका शब्दात माल मागतात आणि निघून जातात. काका प्रस्तावनेपासून सुरुवात करतात.

"झेनचं टॅपेट कव्हर पॅकिंग द्या."

"कार्बोरेटर की एमपीएफआय?"

"कार्बोरेटर. अगदी सुरुवातीची."

"ओरिजिनल की लोकल?"

हा प्रश्न काकांना जिव्हारी लागतो. कंपनीच्या होलोग्रामची पुडी उजेडाकडे धरून तपासली जाते, पॅकिंग बाहेर काढून बोटांत वाकवलं जातं, दुकानदाराला रबराच्या जातींबद्दल थोडं ज्ञान दिलं जातं. "फियाटला कॉर्कचं असायचं. शेलॅक लावून बसवायचो." दुकानदार हे दिवसाला कितीदा ऐकत असेल कोण जाणे. तो फक्त विचारतो, "बोल्टखालचे वॉशर देऊ ना?" आणि इथे काका गप्प होतात, कारण ते घ्यायचे असतात हे त्यांच्या लक्षात नव्हतं. "ते तर मागणारच होतो," असं म्हणून घेतात.

मग तो रविवार. इंजिन थंड हवं म्हणून गाडी आदल्या दिवशी सकाळपासून हललेली नाही. काकू भाजीला रिक्षाने जाऊन आल्या आहेत. बॅटरीची निगेटिव्ह सोडली जाते. एअर फिल्टरचा डबा, पाइप, वायरी बाजूला होतात, आणि प्रत्येक पाइपवर डॉक्टरी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर बारीक अक्षरात आकडा पडतो. बँकेची सवय. बोल्ट ठेवण्यासाठी एका भारी लग्नपत्रिकेच्या मागे झाकणाचं चित्र काढलेलं असतं, आणि जो बोल्ट जिथून निघेल तो चित्रात तिथेच भोक पाडून खोचायचा. पत्रिका कोणाची हे मी वाचलं आहे, सांगत नाही.

रविवारच्या मिस्त्रीला प्रेक्षक लागतात, पण त्यांनी प्रेक्षक म्हणून येता कामा नये. म्हणून कामं वाटली जातात. वॉचमनने पाणी आणायचं. खेळायला निघालेल्या पोराने "हे काय आहे सांग बरं" या प्रश्नाला उत्तर द्यायचं. मी टॉर्च धरायचा. टॉर्च धरणाऱ्याला या व्यवसायात फार सोसावं लागतं: तो जिथे धरतो तिथे पाहायचं नसतं, आणि जिथे पाहायचं असतं तिथे काकांचं डोकं असतं.

झाकण निघत नाही. जुनं रबर दोन्हीकडे चिकटून बसलेलं असतं. इथे घाईचा माणूस फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटतो, अॅल्युमिनियमच्या कडेला ओरखडा पाडतो, आणि त्या ओरखड्यातून पुढे जन्मभर तेल गाळतो. काका मुळीच घाईचे नाहीत. रबरी हातोडीने कडेकडेने टकटक, मग थांबणं, मग फियाटची एक आठवण, मग परत टकटक. झाकण सुटतं तेव्हा पार्किंगमध्ये खरोखर शांतता पसरते. आत कॅम, रॉकर, सगळं मधाच्या रंगाच्या तेलात चकाकत असतं. तेल वेळेवर बदलणाऱ्याच्या इंजिनातच हा रंग दिसतो. न बदलणाऱ्याच्या इंजिनात काळा चिकट गाळ असतो. काका बाजूला सरकून सगळ्यांना पाहू देतात. सेक्रेटरीलासुद्धा वर फोन जातो.

आता खरं म्हणजे जुनं पॅकिंग खरवडून काढायचं, कडा पुसायच्या, नवीन बसवायचं, संपलं. पण त्याआधी या जातीच्या प्रत्येक माणसाच्या तोंडून एक वाक्य येतंच: "आता उघडलंच आहे तर टॅपेट पण बघून घेऊ." पॅकिंगच्या कामात झालेली सगळी भांडणं या वाक्यापासून सुरू होतात. फिलर गेजची पातळ पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या फटीत सरकवायची, स्क्रू किंचित फिरवायचा, लॉकनट आवळायचा, की फट बदलली. परत. हिशोब मिलिमीटरच्या शतांशांत चाललेला असतो आणि वरून काकू विचारतात, "पोळ्या टाकू का?" उत्तर येत नाही. हेडमध्ये कचरा पडू नये म्हणून काकांनी जे फडकं कोंबलं आहे ते आपल्या नव्या पडद्याचं उरलेलं कापड आहे, हे काकूंना वरून दिसलेलं नाही, ते बरं.

सिलिकॉनबद्दल या मंडळींत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, सगळीकडे लावा, तेल जाईलच कुठून? दुसरा म्हणतो, रबर कोरडंच बसतं. फक्त जिथे सपाट कड संपून गोलाई सुरू होते तिथे कोपऱ्यात थेंबभर पुरे. काका दुसऱ्या पंथाचे आणि त्यांचं बरोबरच आहे. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूलाही दाबलं जातं, त्याचे तुकडे सुटून तेलाबरोबर खाली जातात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात. मग गळती थांबते आणि इंजिनही. हे सांगताना काकांचा आवाज कीर्तनकारासारखा नव्हे, ऑडिटरचा होतो.

आवळणं हा या नाट्याचा तिसरा अंक. झाकणाचे बोल्ट अगदी हलके लावायचे असतात, साधारण १० न्यूटन-मीटर. मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, आलटून पालटून, दोन टप्प्यांत. जास्त आवळलं तर पॅकिंग पिळवटून बाहेर येतं, झाकण वाकतं किंवा अॅल्युमिनियममधले आटे जातात. यासाठी मुलाने अमेरिकेहून बॅगेत घालून टॉर्क पाना आणला आहे. पान्याची पेटी देवाच्या फोटोखाली असते. पेटी उघडल्यावर कळतं, की आकडे फूट-पाउंडांत आहेत आणि सर्वांत खालचा आकडा वीस आहे. आपल्याला हवेत सात आणि थोडे. म्हणजे पाना जिथून मोजायला सुरुवात करतो त्याच्या निम्म्यालाही आपला बोल्ट पोचत नाही. हा पाना चाकांच्या नटांसाठी होता. काका थोडा वेळ पान्याकडे, थोडा वेळ अमेरिकेच्या दिशेने पाहतात.

"अंदाजाने करू," ते म्हणतात. फिटरबद्दल सकाळी काय बोलणं झालं होतं याची आठवण कोणी करून देत नाही.

अंदाजाची खरी अडचण अशी, की प्रत्येक बोल्ट पुरेसा आवळला गेल्यावरही हाताला अजून पाव फेरा मारावासा वाटतो. देशातल्या बहुतेक अॅल्युमिनियम हेडांचे आटे या पाव फेऱ्यात गेले असावेत. काकांनी तो मारायला पाना उचलला, तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला.

"अहो, किती पिळताय! लोणच्याच्या बरणीला लावतो तेवढंच लावा. उद्या उघडायचं नाही का परत?"

काकांनी पाना खाली ठेवला. माझ्या माहितीत कोणत्याही मॅन्युअलमध्ये याहून अचूक माप दिलेलं नाही.

कोपऱ्यातला सिलिकॉनचा थेंब सुकायला चोवीस तास द्यायचे, असं ट्यूबवर लिहिलेलं असतं आणि काका ते पाळतात. सोमवारी गाडी सुरू होते, टॅपेट वाजत नाहीत, वास येत नाही. पुढचे काही दिवस काका लिफ्टमध्ये भेटेल त्याला बोटं दाखवतात. नखांतली काळी कड साबणाने जात नाही आणि त्यांनाही ती जायला नको असते. गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरलेला असतो, थेंब पडला तर कळावा म्हणून.

थेंब पडला. काकांनी त्याभोवती बॉलपेनने गोल करून तारीख घातली. मग आणखी एक. पुठ्ठ्याचं पासबुक झालं. शेवटी चौकातल्या फिटरला, सहज जाता जाता बघ म्हणून, बोलावण्यात आलं. त्याने झाकणाकडे पाहिलं, "काम चांगलं केलंय, काका," असं म्हणाला, आणि हात भलतीकडेच घालून एक छोटा व्हॉल्व्ह उपटून काढला. पीसीव्ही. कानाशी नेऊन हलवला. चांगला असेल तर तो खुळखुळतो.

"हा बोलत नाहीये."

इंजिनाच्या पोटात जमणारा वायू या व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. तो गाळाने बुजला की पोटात दाब वाढतो आणि मग तेल जिथे जागा मिळेल तिथून बाहेर ढकललं जातं, पॅकिंग जुनं असो की नवं. फिटरने व्हॉल्व्ह बदलला, पैसे सांगितले, चहा घेतला. काकांनी चहाच्या वेळात त्याला तो व्हॉल्व्ह कसा काम करतो ते समजावून सांगितलं. फिटरनेही ऐकून घेतलं. त्याचं गिऱ्हाईक टिकण्याचं कारण त्याचा हात नसून हे ऐकून घेणं असावं.

त्यानंतर पुठ्ठा बरेच दिवस कोरा राहिला. काका थोडे उदास दिसू लागले. वर्तमानपत्रातली कोडी सोडवणं सुरू झालं, सोसायटीच्या पाण्याच्या बिलाबद्दल दोन पत्रं गेली, सेक्रेटरी पार्किंगमधून चुकवून जाऊ लागला. परवा मात्र लिफ्टचं दार उघडलं तर काका आतूनच खुशीत बाहेर आले. पुठ्ठ्यावर नवा थेंब होता, आणि अगदी वेगळ्या जागी.

"वरून नाहीच," ते म्हणाले. "तेलाच्या चेंबरचं पॅकिंग. खालून. गाडी थोडी उचलून घ्यावी लागेल." मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आधी खांदे, मग पोट.

"तू तसा बारीक आहेस. या रविवारी काही कार्यक्रम नाही ना तुझा?"