लांब मार उडी

बीड जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याची भीती वाटत असेल, तर ती लपवायला फार कष्ट पडत नाहीत. मुळात पाणीच समोर येत नाही. मी हे गुपित एक्कावन्न वर्षं सांभाळलं ते निव्वळ दुष्काळाच्या जिवावर. कोकणात जन्मलो असतो तर आठव्या वर्षीच बोभाटा झाला असता. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार हे माणसं एकमेकांना विचारतात, तिथं तुला पोहता येतं का, असं कोण कशाला विचारेल?

माहीत होतं ते फक्त मामांना. आष्टी तालुक्यात त्यांची विहीर आहे, दगडी बांधणीची, एका अंगाला पायऱ्या असलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी मावस-मामेभावंडं पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधून धडाधड उड्या मारायची आणि मी काठावर बसून त्यांचे कपडे राखायचो. हे काम मी इतक्या निष्ठेनं केलं की सात-आठ सुट्ट्यांत एक बनियनसुद्धा हरवलं नाही. मामा काठावरून ओरडायचे, "लांब मार रं उडी! काठाशी दगडं हायेत." हे वाक्य मला इतकं पाठ झालं की पुढे धाकट्या पोरांना उडी कशी मारावी हे मीच समजावून सांगू लागलो. अर्थात, कपड्यांजवळ बसून.

गेल्या वर्षी आमच्या कार्यालयात एक व्याख्याते आले होते. विषय होता, कम्फर्ट झोनच्या बाहेर पडा. दीड तास ते आम्हाला बाहेर पडायला सांगत होते आणि दीड तास एसीच्या झोतासमोरून स्वतः हलले नाहीत. मी मात्र या शब्दाला मराठीत काय म्हणावं याच विचारात होतो. सुखकक्षा वगैरे शब्द परीक्षेच्या पेपरात शोभतात. माझ्या मते त्याला गोधडी म्हणावं. पौषातल्या पहाटे गोधडीतून एक पाय बाहेर काढून बघायचा आणि तो तितक्याच तत्परतेनं आत घ्यायचा, हे ज्यानं केलंय त्याला वेगळी व्याख्या लागत नाही.

पण मग आमच्या जिल्ह्याकडे बघितलं की ही व्याख्या गडबडते. दसरा सरला की उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडीकुंडी, लेकरं आणि एखादी कोंबडी घेऊन ट्रकात बसतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको दोघांना मिळून हिशेबात धरतात 'एक कोयता'. दरवर्षी लाखो माणसं अशी घराबाहेर पडतात. त्यांना बाहेर पडण्यावर व्याख्यान द्यायला कुणी येत नाही, हे बरंच आहे. त्यांच्या गोधड्यासुद्धा ट्रकातच असतात.

या मुलखात पोरगं पहाटे पळताना दिसलं की समजायचं, भरतीची तयारी चालू आहे. सोळाशे मीटर वेळेत काढायचे, पोलिसात नाहीतर फौजेत चिकटायचं आणि मग जन्माचं पळणं संपवायचं. पळण्याचं ध्येय म्हणजे पळणं थांबवता येणं. मला यात काही गैर वाटत नाही. नोकरी लागलेला मुलगा ही आमच्याकडे अख्ख्या घराची गोधडी असते.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचंही तसंच व्हायला हवं होतं. जन्म 1994चा, आई-वडील शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटर लांब, गाडीची सोय नाही, म्हणून पोरगं चालत-पळत जायचं. बारावी झाली आणि तो सैन्यात गेला, 5 महार रेजिमेंटमध्ये. नेमणूक कुठं, तर सियाचीन. मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. कुणाही शहाण्या माणसाला सियाचीन म्हणजे जिवाची बाजी वाटेल. आमच्याकडचा हिशेब मात्र तेव्हा असा होता, की पगार महिन्याच्या महिन्याला, कपडे सरकारी, पुढे पेन्शन. पोरगं बसलं एकदाचं मार्गी! सियाचीनसुद्धा ज्याला गोधडी ठरू शकते, अशा जिल्ह्यातले आम्ही लोक.

आणि नेमका इथं हा माणूस उफराटा वागला. बाकीची पोरं नोकरीसाठी पळतात, यानं नोकरी लागल्यावर पळायला सुरुवात केली. 2015 साली तो सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतीत उतरला. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळवलं.

ही शर्यत ज्यानं काढली त्याला माणसाचं सुख बघवत नसावं. साडेसात फेऱ्या, त्यात 28 लाकडी अडथळे आणि वर सात वेळा पाणी. नाव आलंय घोड्यांच्या जुन्या शर्यतीवरून. एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेत कुंपण येवो की ओढा, सरळ पळत सुटायचं. आपल्याकडे कंकालेश्वरापासून कपिलधारेपर्यंत म्हणा. कंकालेश्वराचं देऊळ भर तळ्यात उभं असल्यामुळे आमची सुरुवातच पाण्यातून झाली असती, म्हणजे माझी झालीच नसती.

हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो. स्टीपलचेसमधला अडथळा जवळजवळ कंबरेएवढा, 91.4 सेंटिमीटर उंच असतो आणि तो पडत नाही, माणूस पडतो. पण मला खिळवून ठेवलं ते पाण्यानं. अडथळ्याच्या पलीकडे लगेच खड्डा. तो अडथळ्याच्या बुडाशी सगळ्यात खोल आणि पुढे चढत-चढत ट्रॅकला मिळणारा. जो अडथळ्यावर पाय देऊन लांब झेपावतो, त्याचा जेमतेम एक पाय भिजतो. जो बिचकून आखडती उडी घेतो, तो खोल पाण्यात पडतो. घाबरणाऱ्याला जास्त पाणी! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी टीव्हीसमोर चहाचा कप तसाच धरून बसलो. मामा बापडे चाळीस वर्षांपूर्वी वेगळं काय सांगत होते?

तर या साबळेनं 2018 साली भुवनेश्वरला 8 मिनिटं 29.80 सेकंदांत शर्यत संपवली आणि गोपाल सैनी यांचा 1981पासून उभा असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. मग स्वतःचाच विक्रम मोडण्याची त्याला सवय लागली. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तर कहर झाला. 1998पासून तिथली या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाचे धावपटू घरी नेत होते. साबळे त्यांच्यात घुसला आणि 8 मिनिटं 11.20 सेकंदांत दुसरा आला. पहिल्यापेक्षा फक्त पाच शतांश सेकंद मागे. एवढ्या वेळात मी गजराचं बटण दाबून पुन्हा झोपतो. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण, 2024 साली पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत अकरावा. या शर्यतीत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. पाण्यासाठी टँकरकडे डोळे लावणाऱ्या तालुक्यातला माणूस पाण्यावरून उड्या मारायला जगभर फिरतो, हा विनोद मला कुणी रचून सांगितला असता तर मी हसलो नसतो.

मग 2025च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत तो त्या पाण्यापाशीच पडला. गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि जागतिक स्पर्धा हुकली. शेकडो वेळा ओलांडलेलं पाणी होतं ते. बातमी वाचून मला वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर आत कुठंतरी तो कपडे राखणारा पोरगा म्हणाला, बघ, मी म्हणत नव्हतो? त्याच्या या समाधानाची मला फार लाज वाटली.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिल्ह्यात असा पाऊस झाला की कोरड्या म्हणून ओळखीच्या नद्या शेतात शिरल्या. पिकं गेली, कुठं कुठं मातीही गेली. दिवाळीत मामांकडे गेलो तर विहीर काठोकाठ. आजवर माझी सबब असायची, "पाणी फार खोल गेलंय, एवढ्या वरून कशी मारणार?" आता पाणी हातभर खाली उभं होतं. मी म्हणालो, "मामा, पाणी फारच वर आलंय हो."

मामा ऐंशीच्या पुढचे. तंबाखू मळता मळता त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग नातवाला हाक मारली, "जा रं, डबा आन."

डबा आता प्लॅस्टिकचा आला आहे. मी झाकण घट्ट आहे का ते दोनदा तपासलं. दोरीची गाठ भाच्याकडून पुन्हा मारून घेतली. घड्याळ काढलं, चष्मा काढला, मोबाइल, पाकीट, किल्ल्या ओळीनं मांडल्या.

"पंचनामा करायलास का?" मामा म्हणाले.

चष्म्याशिवाय पाणी दिसत नव्हतं, नुसता एक हिरवट उजेड होता. तो बरा वाटला. मी डोळे मिटले आणि पाय उचलले.

वर आलो तेव्हा नाकातोंडात पाणी होतं, उजवं कोपर दगडाला खरचटलं होतं आणि डबा सरकून पोटावर आला होता. काठावर भाच्याचा पोरगा माझ्या कपड्यांशेजारी बसून टाळ्या वाजवत होता. मी पायरीला धरून कसाबसा टेकलो आणि मामांकडे बघितलं.

त्यांनी तंबाखू गालात सरकवली. "काठाशीच पडलास की रं," ते म्हणाले. "ये वर. पुन्हा मार."