एलाबाईंचं विसरणं

फेब्रुवारी १९६०, बर्लिन. भरल्या सभागृहापुढे एला फिट्झगेराल्ड ‘मॅक द नाइफ’ गायला घेते. सुरुवातीलाच सांगून टाकते, की सगळे शब्द आठवले म्हणजे मिळवलं. नाट लागायची ती लागलीच. आधीची कडवी सुरळीत गेली आणि पुढची पाटी कोरी!

गाव तरी कुठलं? ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या ज्या संगीतनाटकातलं हे गाणं, ते १९२८ साली बर्लिनमध्येच पहिल्यांदा रंगमंचावर आलं. (आपले पु. ल. त्यावरूनच ‘तीन पैशाचा तमाशा’कडे पोचले.) म्हणजे बाई विसरली ती थेट गाण्याच्या माहेरी.

दुसऱ्या कुणी खोकल्याचं निमित्त केलं असतं. एलानं ताल सोडला नाही. पुढचे शब्द आठवत नाहीत, हेच तिनं चालीत बसवून गायलं. बॉबी डॅरिन गाऊन गेला, लुई आर्मस्ट्राँग गाऊन गेला, आता आम्ही या गाण्याची वाट लावतोय, हेही सुरातच. मग आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची झकास नक्कल, आणि नुसते अर्थहीन बोल. आरतीत शब्द न येणारी मंडळी ओळीचं शेवटचं अक्षर तेवढं खणखणीत म्हणतात, त्यातलाच हा बेरकीपणा. फक्त इथला एकही बोल सुराला सोडून नव्हता. लोक बेहद्द खूश. त्या विसरण्याची रेकॉर्ड निघाली आणि तिला ग्रॅमीही मिळालं. रात्र रात्र पाठांतर करणाऱ्यांनी आता कुणाकडे दाद मागायची?

मुळात ती गायिका झाली तीसुद्धा बेत फसल्यामुळे. १९३४ साली न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात, हौशी कलाकारांच्या स्पर्धेत, १७ वर्षांची एला गेली होती नाचायला. तिथे एडवर्ड्स भगिनींचा नाच बघून तिचे हातपायच गळाले. स्टेजवर आल्यावर काहीतरी करणं भागच होतं. ती गायली आणि पहिली आली. पुढे चिक वेबच्या बँडबरोबर तिनं गायलेलं, एका बालगीतावरून रचलेलं गाणं १९३८ साली अमेरिकाभर गाजलं.

स्मरणशक्ती बेताची होती म्हणावं, तर १९५६ पासून तिनं कोल पोर्टर, गर्श्विन अशा एकेका संगीतकाराच्या गाण्यांची ‘साँगबुकं’ केली. त्यांत शब्द इतके स्वच्छ, की शुद्धलेखनाला घ्यावेत.

तरी मी बर्लिनचीच रेकॉर्ड जास्त लावतो. एरवी इंग्रजी गाण्यातले शब्द मला निम्मेशिम्मेच कळतात. इथे निदान गायिका माझ्या बाकावर असते.