मुका आणि हुआंगल्यान

चोंगचिंगला हॉटपॉट खाऊन माझं तोंड आलं. त्या लाल तेलात तरंगणारं सिचुआनी मिरं आपल्या तिरफळाच्या भावकीतलं, म्हणून मी जरा जास्तच आपुलकीने ओरपलं होतं. ऑफिसमधला सहकारी मला एका चिनी वैद्यांकडे घेऊन गेला. पुढे औषधाचं दुकान, मागे वैद्य.

नंबर यायचा होता. काउंटरवरच्या बाई कोंबडीच्या पंजासारखी वेडीवाकडी मुळकांडं छोट्या तराजूत तोलत होत्या. "हुआंगल्यान," सहकारी म्हणाला. झाड जेमतेम वीतभर, फुलं इवलीशी, हिरवट-पिवळी, कुणी ढुंकून बघणार नाही अशी. किंमत सगळी जमिनीखाली. सावलीत पाचेक वर्षं वाढवल्यावर काढतात. चोंगचिंगच्याच शीझू भागात याची मोठी लागवड आहे. यातलं बर्बेरिन आपल्या दारुहळदीतही असतं. म्हणजे घरचंच की!

"फार कडू असतं हं."

"कडू? आम्ही वर्षाची सुरुवातच कडुनिंबाने करतो. काडेचिराईत पिऊन वाढलोय!" निंबाच्या चटणीत गूळही असतो, हे सांगायची गरज मला वाटली नाही. मोडलेला एक तुकडा उचलला आणि कचकन चावला.

क्षणभर काहीच नाही. मग जीभ, टाळू, कानाची पाळी, सगळीकडे कडू. डोळ्यांत पाणी. थुंकायला जागा नाही, म्हणून गिळलं. तेवढ्यात माझा नंबर पुकारला.

वैद्यबुवांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली. मग जीभ काढायला लावली आणि एकदम गंभीर झाले. जीभ हळदीने माखल्यासारखी पिवळीजर्द! त्यांच्या शास्त्रात पिवळा थर म्हणजे अंगात उष्णता. उष्णतेवर औषध? हुआंगल्यान.

माझं चिनी 'तिखट कमी' आणि 'बिल द्या' यापलीकडे जात नाही, आणि आता जीभही साथ देईना. दुभाषा म्हणून आलेला गृहस्थ पोट धरून वाकला होता. चिनीत म्हणच आहे: मुक्याने हुआंगल्यान खाल्लं, कडू लागलं तरी सांगणार कसं? इथे तो मुका साक्षात स्टुलावर बसलेला.

शेवटी मी तोंड पुसलेला रुमाल पुढे केला. तोही पिवळा. बुवांनी रुमाल पाहिला, मला पाहिलं, आणि काउंटरवरच्या बाईंना हाक मारून सगळं सांगितलं. रांगेतले लोकही आत डोकावून गेले.

हुआंगल्यान मात्र कागदावरून गेलं नाही. तोंड आलं होतं ते खरंच ना! एरवी दोन ते पाच ग्रॅम देतात. बुवांनी जोडीला ज्येष्ठमध लिहिलं, तुकडा केवढा होता ते बोटांनी दाखवायला लावलं आणि तेवढं आजच्या पुडीतून वजा केलं.