सेटअप महाशयांस निरवांगीहून अनावृत पत्र

प्रति,
माननीय सेटअप महाशय,
मुक्काम : जेथे इंटरनेट कधीच तुटत नाही तेथे

विषय : महाशयांनी डिस्क इमेजमध्ये सहकुटुंब वास्तव्य करण्याबाबत

निरवांगी (तालुका इंदापूर, जिल्हा पुणे) व पंचक्रोशीतील समस्त संगणकांच्या वतीने सविनय निवेदन करण्यात येते की, एखादे सॉफ्टवेअर संगणकावर बसवण्यासाठी लागणाऱ्या सर्व फाइली, त्या कोठे ठेवायच्या याच्या सूचना आणि संगणकाच्या दफ्तरी करावयाच्या नोंदी ज्या एकाच फाइलीत बांधलेल्या असतात, तिला इन्स्टॉलेशन पॅकेज अथवा बोलीत नुसते ‘सेटअप’ म्हणतात, अशी भाबडी समजूत या परिसरात दीर्घकाळ प्रचलित होती. महाशयांच्या अलीकडील अवतारांनी ती दूर केली, याबद्दल प्रारंभीच आभार मानणे उचित ठरेल. हे अवतार दोन-तीन एमबीचे असतात, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पेन ड्राइव्हवरून उतरतात, आणि दोनदा टिचकी मारल्यावर अत्यंत नम्रपणे जाहीर करतात की, प्रत्यक्ष सॉफ्टवेअर आणावयाचे राहिलेच असून ते आता इंटरनेटवरून मागवण्यात येईल. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला येणारा जावईदेखील हातात रुमाल तेवढा घेऊन येतो आणि उरलेले सारे सासुरवाडीने पुरवावे अशी अपेक्षा बाळगतो. तथापि तो सुमारे तीन वर्षांतून एकदाच येतो, महाशय मात्र दर नव्या आवृत्तीला येतात.

मध्येच रेंज गेली, वीज गेली किंवा महिन्याचा डेटा संपला, तर काय करावे, याविषयी महाशयांनी सूचना दिलेली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘कृपया आपले इंटरनेट तपासा’ ही सूचना ते आवर्जून देतात, आणि ती वाचून इंटरनेट नसल्याची माहिती संबंधितास प्रथमच मिळते, असा त्यांचा प्रामाणिक समज असावा. हा भाग मागास आहे म्हणून असे घडते, असेही महाशयांनी मनात आणू नये. याच तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या प्रक्षेपकांच्या मोटरांची आवरणे तयार होतात. येथून आकाशात जाणाऱ्या वस्तूंना आवश्यक ते सर्व आपल्यासोबतच न्यावे लागते, आणि वाटेत काही डाउनलोड करण्याची सवलत त्यांना नसते, ही गोष्ट महाशयांनी विचारात घेण्यासारखी आहे.

आता मूळ विनंतीकडे वळणे योग्य होईल. डिस्क इमेज म्हणजे सीडी किंवा डीव्हीडी या तबकडीवरील संपूर्ण मजकूर, त्याच्या फोल्डरांच्या रचनेसह आणि अनुक्रमणिकेसह, जसाच्या तसा एका फाइलीत उतरवून घेणे होय. अशा फाइलीच्या नावापुढे विंडोज व लिनक्सच्या जगात बहुधा ‘आयएसओ’ आणि ॲपलच्या जगात ‘डीएमजी’ ही अक्षरे लागतात. आयएसओ हे नाव ज्या आंतरराष्ट्रीय मानकावरून आले त्याचा क्रमांक ९६६० असून ते १९८८ साली प्रसिद्ध झाले. पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली तेही याच वर्षी. मानकाचा पाया मात्र १९८५ मध्ये अमेरिकेतील ताहो सरोवराकाठच्या हाय सिएरा या हॉटेलात घातला गेला, जेथे निरनिराळ्या कंपन्यांचे प्रतिनिधी, प्रत्येकाची तबकडी दुसऱ्याच्या संगणकावर वाचता येईना म्हणून, एकत्र जमले होते. त्या हॉटेलात जुगारघरही होते. तरीही तेथून बाहेर पडलेले मानक इतके शिस्तशीर निघाले की, महाशयांच्या कुळात आजवर तसे काही जन्मले नाही.

या शिस्तीचे स्वरूप थोडक्यात सांगण्याजोगे आहे. तबकडीचा मजकूर २०४८ बाइटांच्या खंडांत विभागलेला असतो आणि एकाच अक्षराची फाइल असली तरी तिला अख्खा खंड मिळतो. पहिले १६ खंड, म्हणजे ३२,७६८ बाइट, मानक स्वतःसाठी वापरत नाही, ते संगणकाच्या व्यवस्थेसाठी राखीव असतात. त्यानंतरच्या खंडात ‘सीडी००१’ ही खूण रोमन अक्षरांत असते, आणि ती सापडली म्हणजे पुढे तबकडी आहे हे वाचणाऱ्या संगणकास कळते. फाइलींच्या नावांबाबत तर मानकाची पहिली पातळी कोणत्याही मामलेदारास लाजवील अशी होती : रोमन लिपीतील मोठी अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढ्यांतूनच नाव बनवावे, ते आठ अक्षरांहून मोठे नसावे आणि पुढे फार तर तीन अक्षरांचे शेपूट असावे. येथे निरवांगीचे भाग्य असे की, रोमन लिपीत तिचे नाव नेमके आठ अक्षरांत बसते. बारामतीही आठात बसते आणि इंदापूरला तर एक जागा उरते. निमसाखरचा शेवटचा ‘र’ मात्र बाहेर राहतो. निमगाव केतकीचे ‘निमगावक’ होऊन केतकी गळून पडते, आणि वालचंदनगर आठ अक्षरांवर छाटले असता नगर नाहीसे होऊन केवळ शेठ वालचंद शिल्लक राहतात, ज्यास इतिहासाच्या दृष्टीने फारशी हरकत घेता येणार नाही.

मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये ‘जोलिएट’ नावाची पुरवणी जोडल्यावर ६४ चिन्हांपर्यंतची आणि युनिकोडमधील, म्हणजे देवनागरीतीलही, नावे शक्य झाली. वाचणाऱ्यास ‘निरवांगी’ या नावात चार अक्षरे दिसत असली तरी युनिकोड काना, वेलांटी व अनुस्वार स्वतंत्र मोजते आणि बेरीज पुन्हा आठच येते. गावाचे हे सातत्य महाशयांच्या आवृत्त्यांत आढळत नाही.

सेटअपचे इमेजमध्ये ‘रूपांतर’ करणे, असा शब्दप्रयोग सर्वत्र होतो, परंतु त्यात महाशयांचा एक बाइटही बदलत नाही, ही बाब त्यांच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने मुद्दाम नमूद करण्यात येते. प्रथम संपूर्ण, म्हणजे ऑफलाइन, सेटअप मिळवावा लागतो. त्याला लागणारी इतर पॅकेजे, उदाहरणार्थ डॉट नेट किंवा व्हिज्युअल सी प्लस प्लसची रनटाइम, त्याच फोल्डरमध्ये ठेवावी लागतात. मग विंडोजवर इमगबर्न, लिनक्सवर झॉरिसो, मॅकवर डिस्क युटिलिटी यांसारखे साधन त्या फोल्डरची इमेज तयार करून देते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, अशी फाइल दोन टिचक्यांत उघडून नव्या ड्राइव्हप्रमाणे दिसते. विंडोज ७ वर त्यासाठी वेगळे साधन बसवावे लागते आणि त्याचाही सेटअप असतो, हा योगायोग महाशयांस सुखावणारा ठरेल. इमेज ४ जीबीपर्यंत पोहोचली तर फॅट ३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ती मावत नाही. फाइलीच्या नावाचे शेपूट बदलून ‘ईएक्सई’चे ‘आयएसओ’ केल्याने रूपांतर होते असे मानणारा एक संप्रदायही आहे. त्या संप्रदायाच्या फाइलीत ‘सीडी००१’ ही खूण जन्मभर सापडत नाही. तसेच इमेजवरून संगणक आपोआप सुरू होईल अशी आशाही व्यर्थ होय, कारण त्यासाठी एल टोरिटो नावाची वेगळी नोंद आणि तिच्यामागे खरीखुरी आरंभ-व्यवस्था असावी लागते. आणि दोन एमबीच्या अवताराची इमेज केली, तर इमेज उत्तम होते, आत मात्र तीच नम्र सूचना बसलेली असते.

हे सारे अशक्य आहे असा युक्तिवाद महाशयांनी करू नये. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियन लिनक्सवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय संगणकप्रणाली सिद्ध केली, तेव्हा तिची असंख्य पॅकेजे, एकमेकांवर अवलंबून असूनही, एकाच आयएसओत बसवून दिली. याहून घरगुती उदाहरण सरकारी दफ्तरात मिळते. तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, सातबाऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी करण्यासाठी जे टोकन वापरतात, त्या प्रकारची अनेक टोकने संगणकास जोडताच खिडकीत सीडी ड्राइव्ह म्हणून प्रकटतात, आणि त्या नसलेल्या सीडीवर त्यांचा स्वतःचा सेटअप तयार असतो. पूर्वीच्या इंटरनेट डोंगलांचीही हीच रीत होती. विंडोजने पेन ड्राइव्हवरील स्वयंचलित आरंभ बंद केला असताना सीडीस सवलत ठेवली, म्हणून हे सोंग घेण्यात आले, हे खरे. परंतु इंटरनेट देण्यासाठीच जन्मलेल्या डोंगलासही आपला सेटअप इंटरनेटवरून मागवता येत नाही एवढे कळले होते, हे त्याहून खरे.

इमेजची दुसरी बाजू लपवणे या निवेदनास शोभणारे नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीस विंडोज जी सावधगिरीची खूण लावते ती इमेजच्या आतील फाइलींस पूर्वी लागत नसे, त्यामुळे घातक सॉफ्टवेअर पाठवणाऱ्यांनी आयएसओचा मनसोक्त उपयोग केला, आणि ही फट मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२२ मध्ये बुजवली. म्हणून इमेजसोबत तिची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे संपूर्ण फाइलीवरून गणिताने काढलेला ६४ चिन्हांचा ठसा, विश्वासार्ह ठिकाणी प्रसिद्ध असावी, जेणेकरून निमसाखरहून निरवांगीस पेन ड्राइव्हवर आलेली प्रत मूळचीच आहे याची खातरजमा इंटरनेटशिवाय आधीच टिपून ठेवलेल्या ठशावरून करता येईल. परवान्याच्या अटी इमेजमध्ये बसल्याने बदलत नाहीत, हेही समस्त संगणकांस मान्य आहे. त्यांच्या मालकांस मान्य आहे किंवा कसे, याविषयी प्रस्तुत निवेदन मौन पाळते.

तरी महाशयांनी पुढील आवृत्तीपासून आपल्या संकेतस्थळावर संपूर्ण सेटअपची इमेज ठेवावी, ती सातव्या पानाच्या तळाशी फिकट अक्षरांत न ठेवता मोठ्या बटणाशेजारी ठेवावी, आणि जुन्या आवृत्तीची इमेज नवी आली म्हणून काढून टाकू नये, कारण येथील काही संगणकांस नवी आवृत्ती पेलत नाही व महाशयांस ते ठाऊक आहे. या पत्राचे उत्तर पाठवताना ते उघडण्यासाठी आणखी काही डाउनलोड करावे लागणार नाही, एवढी दक्षता घ्यावी.

कळावे, लोभ असावा.

निरवांगी पंचक्रोशीतील समस्त संगणकांच्या वतीने