नटराज आणि चिंच-मीठ

सियालदह स्टेशनाच्या बाहेर आलं की मराठी माणसाची छाती उगाचच फुगते. निदान माझी तरी फुगते. समोर बस, रिक्षा आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या हमालांनी तुंबलेला जो रस्ता दिसतो, त्याचं मूळ श्रेय आपल्याकडे जातं. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालात घुसले, तेव्हा धास्तावलेल्या कोलकातावासीयांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल झाले आणि मराठे काही तिथवर आलेच नाहीत. (सांगितल्या वेळी न पोचण्याची आपली परंपरा जुनीच आहे.) पुढे १७९९ मध्ये खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढला. आज त्याला दोन आचार्यांची नावं आहेत, जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय.

पण मराठी स्वारी शेवटी आलीच. ती माझ्या मामीच्या रूपाने. माहेर कोल्हापूर, मामांची नोकरी रेल्वेत, आणि संसार सियालदहच्या एका गल्लीत. मामा निवृत्त झाले. मामीला निवृत्ती मान्य नाही. देवघरातली पितळी अन्नपूर्णा ती अशी लखलखीत ठेवते की नमस्कार करताना आपलंच नाक त्यात दिसावं.

अशा बाईला मी भारतीय संग्रहालयात नेलं. मेट्रोने एस्प्लनेड, तिथून चौरंगीवरून चालत. १८१४ साली एशियाटिक सोसायटीत नॅथॅनियल वॉलिक या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने सुरू झालेलं हे संग्रहालय. बंगाली लोक त्याला जादूघर म्हणतात आणि बहुतेक जण थेट ममी बघायला पळतात. आमच्या मामीला मेलेल्या माणसात रस नव्हता. ती कांस्यमूर्तींच्या दालनात शिरली, चष्मा पुसला आणि नटराजासमोर उभी राहून म्हणाली, ‘‘अरे, किती दिवसांत घासलं नाहीये रे याला!’’

मी म्हणालो, ‘‘मामी, हे असंच ठेवतात.’’

‘‘असंच? सरकारी कारभार. मूठभर चिंच, चिमूटभर मीठ, दहा मिनिटांत लख्ख करून देते. नाहीतर पितांबरी आहेच.’’

आता मी विद्वान झालो. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, तुझ्या काशाच्या वाटीच्याच घराण्यातलं. काळपट-हिरवट दिसतो तो मळ नव्हे. हवेशी संसार करता करता धातूने स्वतःच अंगावर चढवलेलं ते चिलखत. चिंचेतल्या आम्लाने ते निघून जातं. आणि मीठ तर साक्षात विष. मिठातलं क्लोराइड आणि दमट हवा एकत्र आली की मूर्तीवर फिकट हिरवी भुकटी धरते आणि आतला धातू पोखरत जाते. जाणकार त्याला ब्राँझचा रोगच म्हणतात.

‘‘म्हणजे यांना कोलकात्याची हवा बाधते,’’ मामी म्हणाली. ‘‘तुझ्या मामांना बाधते तशीच.’’

मग मी मूर्ती घडते कशी, ते सांगितलं. आधी सबंध मूर्ती मेणाची करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, भाजून मेण वितळवून काढायचं, रिकाम्या जागेत वितळलेला धातू ओतायचा आणि शेवटी माती फोडायची. मामीच्या मोदकाच्या एकाच साच्यातून एकवीस निघतात. इथे साचा एकदाच, आणि तोही फुटणार. बांकुड्याचे डोकरा कारागीर आजही असंच ओततात. हे ऐकून मामी जरा गप्प झाली. गप्प झाली म्हणजे पुढच्या मूर्तीकडे गेली.

तिथे पार्वती होती. मामीने तिला नीट न्याहाळलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू साडी मीच लपवली आहे. मी घाईघाईने म्हणालो, की दक्षिणेतल्या देवळांत अशा मूर्तींना रेशमी वस्त्रं, दागिने, हार घालतात. भक्तांना चेहरा तेवढा दिसतो. चोळकाळातल्या शिल्पकाराने कंबरेचा बाक इतका जीव ओतून घडवला, आणि देवळात तो शतकानुशतकं कापडाखाली झाकलेला. बघायला मिळाला तो तुम्हा-आम्हा तिकीटवाल्यांना. मामीने खाली वाकून बैठकीची भोकं दाखवली. ‘‘ही कशाला?’’ मिरवणुकीत दांडे ओवायला. उत्सवमूर्ती आहे. ‘‘म्हणजे पालखीतले देव. मग अभिषेकही होत असणार. दूध, दही, मध. त्याने नाही का झिजत?’’

झिजतात. कित्येक मूर्तींचे नाकडोळे हात लागून लागून गुळगुळीत झालेले असतात. माझी विद्वत्ता इथे संपली. ज्या देवाला देवळात दह्यादुधाने न्हाऊमाखू घालायचं, त्याला इथे बोटही लावायचं नाही, हे मामीला पटवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

ती पुढे सरकली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं, नजर एका काळवंडलेल्या पावलावर. कोपऱ्यातला पहारेकरी ताडकन उठला. ‘‘माशीमा, हात देबेन ना!’’ मामीने त्याला अस्खलित बंगालीत विचारलं, की तुझी आई घरचे देव कशाने घासते. ‘‘तेंतूल,’’ तो ओशाळून म्हणाला. चिंचच! दोघं मग चांगली पाच मिनिटं चिंचेवर बोलली. मराठे आणि बंगाल यांच्यातला इतका सलोख्याचा तह इतिहासात झाला नसेल.

बाहेर पडताना मामी म्हणाली, ‘‘आमच्या कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्येही असाच एक आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडात निघालेला, ग्रीकांचा समुद्रदेव. पोसायडन. त्यालाही मेल्याला कुणी घासत नाही.’’

पंचगंगेच्या काठी ग्रीक समुद्रदेव निघतो आणि बाईंना चिंता त्याच्या चकाकीची! पण एक कबूल करायला हवं. त्या दालनात काचेमागचा मजकूर वाचणारे पुष्कळ होते, मोबाइल वर करणारे त्याहून जास्त. मूर्तीच्या पावलांपर्यंत वाकून पाहणारी फक्त मामी होती.

तेव्हा कोलकात्याला गेलात तर संग्रहालय चुकवू नका. सोमवारी ते बंद असतं. इतर दिवशी घरातल्या एखाद्या मामीला जरूर सोबत न्या. फक्त दारात तिची पिशवी तपासून घ्या.